हायवेवरच तापणारी गाडी

"घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?" असं मला कांजूरच्या पुढे हायवेवर एका स्कूटरवाल्याने विचारलं, तेव्हा माझा नवरा दोन हातांच्या अंतरावर, गाडीतच बसलेला होता. काच खाली होती. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू गेलं.

मी बॉनेट वर करून उभी होते. आतून भसाभस वाफ येत होती. डावीकडे मिठागरं, डोक्यावर ऊन, हातात पाण्याचा डबा आणि भिजवलेलं गोणपाट. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, नाहीतर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे मी तोपर्यंत मनगट भाजून घेऊन शिकले होते. म्हणून मी थांबले होते. त्या स्कूटरवाल्याला वाटलं, बाईला काही कळत नाही म्हणून ती नुसती बघत उभी आहे. त्याने स्कूटर स्टँडवर लावली, आत डोकावला, यांच्याकडे बघितलं, मग परत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब बसून काय राहिलेत? तुम्ही बसा ना आत."

"त्यांना उतरता येत नाही," मी म्हटलं.

तो वरमला आणि निघून गेला. हे समोरच्या काचेतून वर उचललेल्या बॉनेटकडे बघत राहिले. मी झाकण उघडलं, पाणी भरलं आणि गाडी घाटकोपरला नेली.

हे १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. आम्ही मुलुंडला राहायचो, पूर्वेला. यांनी एक जुनी गाडी घेतली होती, तिसऱ्या हातची, राखाडी रंगाची. सासरे मालवणहून येऊन जन्मभर गिरणीत राबले, त्यांच्या मुलाच्या दारात गाडी उभी राहिली, याचं यांना केवढं अप्रूप! रविवारी सकाळी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, स्वतः धुवायचे, स्वतः पुसायचे. मग पन्नाशीच्या आतच यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं, उजवा हात-पाय चांगला राहिला. पण चालणं काठीने, तेही कुणीतरी धरलं तर. डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम हवा, आठवड्यातून तीनदा. ती सोय घाटकोपरला. टॅक्सीवाले मुलुंडहून यायला कुरकुर करायचे, आणि यांना आत बसवायचं म्हटलं की तोंड फिरवायचे. म्हणून मी गाडी शिकले. एका शाळेत शिवण शिकवत होते, दुपारनंतर मोकळी असायचे. चाळिशीत लायसन काढलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा गाडी चालवणारी बाई मी एकटीच. मी गाडी गेटातून बाहेर काढायला लागले की माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची. "उजवीकडे, उजवीकडे!" असं वरून ओरडायची. कुणी सांगितलं होतं?

गाडी पहिल्यांदा तापली ती खरंच जुनेपणामुळे. रेडिएटर आतून गाळाने भरला होता. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने, तो आग्रा रोडच्या एका गल्लीत बसायचा, रेडिएटर उतरवला, साफ करून आणला, सगळे रबरी पाईप जुने झाले म्हणून बदलले. जुनं सामान गोणीत घालून डिकीत ठेवलं, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसावं की खरोखर बदललंय. मी खूश होते. पण पुढच्याच खेपेला, भांडुप मागे टाकलं आणि काटा चढायला लागला. कांजूरला लाल रेघेला टेकला.

मी गाडी परत गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने माझं ऐकून घेतलं आणि मी अजून बोलत असतानाच चालत पलीकडच्या बाजूला गेला. यांच्या खिडकीशी वाकला.

"साहेब, कोण चालवतं गाडी? वहिनी?"

"हो."

"मग बरोबर. लेडीज लोक क्लचवर पाय ठेवून बसतात. सेकंडमध्येच खेचतात. इंजिनाची वाट लागते."

मी गाडीच्या या बाजूला उभी होते. बहिरी नव्हते. "मी क्लचवर पाय ठेवत नाही," असं मी टपावरून म्हटलं. तो हसला. यांच्याकडे बघून हसला, माझ्याकडे बघून नाही.

त्या दिवशी त्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी ती झडप असते. "आपल्या हवेत कशाला पाहिजे? काढून टाकू, पाणी फिरत राहील." ठीक. पुढच्या खेपेला पुन्हा कांजूर. मग पंख्याचा पट्टा सैल आहे असं ठरलं. नवा पट्टा घातला. पुन्हा कांजूर. प्रत्येक वेळी गॅरेजात सगळं झकास. तो गल्लीतून एक चक्कर मारून यायचा, काटा मध्यावर दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, माझ्या हातात तापते का?"

मी शिवणकाम शिकवणारी. मशीन टाके सोडायला लागलं की मुली घाबरून सगळेच स्क्रू पिळत सुटतात. मी त्यांना ओरडायचे. आधी सुई बघ. मग दोरा. मग ताण. एकेक बघ, आणि टाका कधी सुटतो तेही बघ, जाड कापडावर की पातळ कापडावर. आता मीच माझी शिकवण घेतली. एक दिवस हायवेने न जाता मुद्दाम आग्रा रोडने गेले. भर गर्दी, कारखाने सुटलेले, बस, हातगाड्या, सायकली. पहिला-दुसरा गिअर सोडून वर जायलाच मिळालं नाही. सगळे सांगत होते तशीच मी गाडी रखडवली. काटा मध्यावर. घाटकोपरपर्यंत मध्यावर! येताना हायवेने आले, मोकळ्या रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, वारा तोंडावर येतोय, आणि विक्रोळी संपते न संपते तोच काटा चढला. वेग कमी केला, तसा हळूहळू उतरला.

दुसऱ्या दिवशी मी हे गॅरेजवाल्याला सांगितलं.

"उलटं असतं, वहिनी," तो म्हणाला. "गाडी ट्रॅफिकमध्ये तापते. हायवेला वारा लागतो, थंड राहते."

"तेच तर म्हणतेय मी. मग आपली उलटी का?"

त्याने हात पुसले. आणि चालत यांच्या खिडकीशी गेला. "साहेब, हेड गॅस्केट गेलं असणार. इंजिन खोलायला लागेल."

मला आजही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. मी त्याच्या हातात धागा दिला होता. त्याने तो बघितलाही नाही, कारण तो माझ्या हातातून आला होता. गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं पातळ अस्तर, गेलं की तेलात पाणी मिसळतं, तेल ताकासारखं दिसतं, हे मला माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या भावाने सांगितलं होतं, आणि मी रोज तेलाची काडी काढून बघत होते. तेल स्वच्छ होतं. मी तेही सांगितलं. पण यांचा धीर सुटला होता. हे म्हणाले, "कर बाबा काय करायचं ते." इंजिन खोललं. गाडी तिथे पडून राहिली आणि यांचे व्यायाम बुडाले.

तेवढ्यात माझे दीर येऊन गेले. ते मरोळला एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि जगातल्या सगळ्या यंत्रांबद्दल त्यांचं मत असायचं. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण गाडी हे बायकांचं काम नाही. दादाची हौस होती तोपर्यंत ठीक. विकून टाका. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

"आणि यांना घाटकोपरला कोण नेणार, भाऊजी? तुमचं गिऱ्हाईक?"

दिरांनी उरलेला चहा बशीत ओतून घेतला.

इंजिन जोडून गाडी आली. पहिल्याच दिवशी, त्याच हायवेवर, तेच. या वेळी पाणी थंड होईपर्यंत व्यायामाची वेळ टळून गेली होती. तिथूनच परत फिरलो. जिना चढताना मी यांना कमरेला धरलं होतं. एकेक पायरी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हे थांबले आणि दम घेत म्हणाले, "तो गॅरेजवालो सांगता तां खोटा नाय. तू चालवतस तशी गाडी कोण चालवता?"

हे रागावले की मालवणीत जायचे. मी यांना सोडून दिलं नाही, धरूनच वर नेलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पोळ्यांची कणीक मळायला घेतली आणि ती इतकी मळली की हात दुखायला लागले. गॅरेजवाला परका. दीर दिरासारखे. पण यांना मी रोज आंघोळ घालत होते, शर्टाची बटणं लावत होते, यांच्यासाठी भर रस्त्यात वाफेपुढे उभी राहत होते. आणि यांनीही तेच म्हणावं?

दोन दिवस मी यांच्याशी कामापुरतं बोलले. मग रविवार आला. दुपारी बिल्डिंग झोपलेली असताना मी खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. पदर खोचला, वेणी ब्लाउजच्या आत टाकली, कारण पंखा फिरत असतो. इंजिन चालू केलं आणि समोर लाकडी स्टूल टाकून बसले. गाडी शांत घुरघुरत होती. सगळं ठाकठीक दिसत होतं. दिसणारच! ती उभी असताना तापत नव्हतीच. ती पळताना तापत होती. पळताना आत काय होतं ते मला बघायचं होतं, आणि एकाच वेळी मी अॅक्सिलरेटर दाबून बॉनेटमध्येही बघू शकत नव्हते.

दुसऱ्या माणसाचा पाय हवा होता. शेजाऱ्यांपैकी कुणालाही हाक मारली असती तर तो पाय द्यायला आला असता आणि वर शहाणपण देऊन गेला असता. मला ते नको होतं. मी वर गेले. हे पेपर वाचत बसले होते.

"खाली चला."

"कशाक?"

"अॅक्सिलरेटर दाबायला."

"मी?"

"उजवा पाय चालतो ना तुमचा?"

हे मी चांगल्या स्वरात म्हटलं नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं. पेपराची घडी घातली. काठी मागितली.

आजारपणानंतर हे एकदाही स्टिअरिंगमागे बसले नव्हते. मी दार उघडलं, आधी यांना टेकवलं, मग डावा पाय उचलून आत ठेवला. यांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवून बसले. गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, हे दोनदा बघितलं आणि पुढे गेले.

"दाबा."

यांनी दाबला.

"अजून. हायवेवर असतो तसा."

इंजिन ओरडायला लागलं. मी पंख्यापासून लांब राहून आत बघत होते. पट्टा नीट फिरत होता. वरचा पाईप फुगून टणक झाला होता. आणि खालचा पाईप, रेडिएटरच्या तळातून थंड पाणी इंजिनाकडे नेणारा, माझ्या डोळ्यांदेखत मधोमध बसला. कुणीतरी मुठीत दाबावा तसा चपटा झाला.

"सोडा!" मी ओरडले.

यांनी पाय उचलला. पाईप पुन्हा गोल.

"दाबा."

चपटा.

"सोडा."

गोल.

मी तशीच स्टुलावर बसून राहिले. इंजिन जोरात फिरलं की पंप पाणी जोरात ओढतो, त्या ओढीने पाईपच आत बसतो आणि पाण्याची वाट बंद. हळू चालवलं की ओढ कमी, पाईप उघडा, गाडी थंड. म्हणून आग्रा रोडवर नाही आणि हायवेवर दरवेळी. म्हणून गॅरेजच्या गल्लीत कधीच नाही. बॉनेट उघडून उभ्या गाडीकडे बघणाऱ्याला तो पाईप नेहमी धडधाकटच दिसणार.

"काय झालं गो?" हे आतून विचारत होते.

मी डिकी उघडली. जुन्या सामानाची गोणी अजून तिथेच होती. तीतून खालचा जुना पाईप काढला. रबर तडकलेलं, पण दाबून बघितला तर बसेना. आत बोट घातलं. तारेचं गंजकं वेटोळं हाताला लागलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाईप बसू नये म्हणूनच ते आत होतं. नव्या पाईपात ते घातलेलंच नव्हतं. मी तो पाईप खिडकीतून यांच्या हातात दिला. यांनी उजव्या हाताने दाबला, आत बघितलं, पुन्हा दाबला.

"एवढ्यासाठी इंजिन खोलला?" हे म्हणाले.

मला आनंद वगैरे झाला नाही. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. एक तारेचं वेटोळं! त्याच्यापायी यांचे इतके दिवस फुकट गेले, सैल होऊ लागलेला हात पुन्हा आखडला, आणि मी प्रत्येकाकडून ऐकून घेतलं की दोष माझ्या पायात आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर आग्रा रोडने गॅरेजात गेलो. गॅरेजवाला सवयीने यांच्या खिडकीशी चालला.

"तिकडे नाही," मी म्हटलं. "इकडे या. बॉनेटपाशी."

मी गाडीत बसून अॅक्सिलरेटर दाबला आणि त्याला खालचा पाईप बघायला लावला. दाबला, सोडला, दाबला. बाहेर आले तेव्हा तो कान खाजवत होता.

"माल हलका आला असेल."

मी जुना पाईप पुढे केला. "आणि ही स्प्रिंग?"

"ती गंजलेली होती वहिनी. म्हणून नाही घातली."

"मग नवी का नाही घातली?"

"चालतं तसं. नीट चालवली तर चालते गाडी."

अजूनही! पाईप हातात, डोळ्यांनी बघितलेलं, आणि अजूनही नीट चालवली तर! मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मुंबईत वाढले आहे, मला सगळे शब्द येतात, पण त्या दिवसापर्यंत वापरले नव्हते. शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवलं. गॅरेजवाला मागे सरकला, आणि सरकत सरकत परत यांच्या खिडकीशीच पोचला.

"साहेब, तुम्ही बरोबर पकडलंत. तुमची नजर आहे."

हे पुढे वाकले. "मी काही पकडलं नाही," हे म्हणाले. "हिने शोधलं. तू इंजिन खोलायच्या आधी ही तुला सांगत होती, तू ऐकलं नाहीस. मीही ऐकलं नाही. आता स्प्रिंग घाल आणि हिला विचार, बरोबर बसली का."

त्याने घातली. मला विचारलंही, मान खाली घालून. मी वाकून, दाबून, पुन्हा इंजिन पळवून बघितलं आणि मगच हो म्हटलं. पण त्याला ते यांनी सांगावं लागलं, तेव्हा खरं वाटलं. हे मला आजही खुपतं.

घाटकोपरचा व्यायाम उरकून येताना हायवेने आलो. काटा मध्यावर होता. विक्रोळी गेली, कांजूर आलं.

"थोडी जोरात घे," हे म्हणाले.

मी घेतली. मिठागरं मागे पळत होती. काटा हलला नाही.

"त्या दिवशी जिन्यात मी बोललो..."

"बोललात."

"हं."

"असू द्या" असं म्हणायची आता माझी वेळ होती. मी म्हटलं नाही. भांडुपपर्यंत म्हटलं नाही. यांनी उजवा हात पुढे करून काट्याच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली. ते मला पुरलं की नाही, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून हे गाडीत बसले की शेजारून गिअर, ब्रेक, हॉर्न काहीही सांगेनासे झाले. गॅलरीतून कुणी "उजवीकडे!" ओरडलं तर हेच मान वर करून "गप रे!" म्हणायचे.

पुढे काही महिन्यांनी यांच्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा झाला, घाटकोपरलाच, एका छोट्या हॉलमध्ये. जेवणाच्या पंगतीत दीर रंगात आले होते. गाडीचीच गोष्ट चालली होती. "दादाचं कौतुक केलं पाहिजे," ते सगळ्यांना सांगत होते. "अशा अवस्थेत खाली उतरला, ड्रायव्हर सीटवर बसला, आणि एका फटक्यात फॉल्ट पकडला! गॅरेजवाले थक्क!"

हे पंगतीत लांब बसले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मी जिलबी वाढत होते.

मी ताट खाली ठेवलं. "भाऊजी, तुम्ही तिथे नव्हतात," मी म्हटलं. "मी सांगते." आणि मी पहिल्यापासून सांगितलं. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पट्टा, आग्रा रोड, हायवे, तेलाची काडी, खालचा पाईप, स्प्रिंग. रांगेतल्या लोकांचे हात थांबले होते. मागून एका मुलीने जिलबी मागितली, तिला मी थांब म्हटलं. दिरांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, मी बोलू दिलं नाही.

सगळं ऐकल्यावर नवऱ्यामुलाचे काका, वयस्कर गृहस्थ, ते नीट लक्ष देऊन ऐकत होते, त्यांनी विचारलं, "मग इंजिन खोललं तेव्हा ते गॅस्केट कसं निघालं?"

"चांगलं निघालं," मी म्हटलं. "काहीही झालेलं नव्हतं त्याला."

आणि ताट उचलून मी पुढे जिलबी वाढायला गेले.